डोळ्यांपुरती जागा

खुर्चीची उशी दबलेली होती आणि खुर्चीत कोणीच नव्हतं.

हातातलं ताट पुसता पुसता ती दारातच थबकली. भर दुपार. नवरा कामावर, लेक आतल्या खोलीत निजलेली. दुसरी कोणी असती तर भास म्हणून कामाला लागली असती. पण ते कापड तयार करणाऱ्यांत ती स्वतः होती.

उजेड त्या कापडाला वळसा घालून पलीकडे जाई. पांघरलेला माणूस दिसेनासा होई. मागच्या आठवड्यात ते प्रयोगशाळेतून नाहीसं झालं आणि त्याच दिवसापासून तिचे वरिष्ठही बेपत्ता होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी चोरी केली यावर तिचा विश्वास बसेना. पण चौकशीला आलेल्या साहेबांनी तिला बजावलं होतं, “सावध राहा. तुमचं घर त्यांना माहीत आहे.” तेव्हापासून दाराची कडी वाजली तरी ती दचकत होती.

कापडात एक खोट मात्र होती. उजेड वळून गेला, की तो आतल्या माणसाच्या डोळ्यांतही शिरत नाही. आत ठार काळोख. बघायचं तर डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवावीच लागत.

तिनं धीर करून नजर उशीच्या वर नेली. हवेत दोन थकलेले डोळे होते. डावा मोतीबिंदूनं दुधाळ झालेला.

“आबा?” ती एकदम म्हणाली.

“हळू बोल. पोर झोपलीय ना?” डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे वळून परत आले. “मी चोरी नाही केली गं. वरच्या लोकांच्या हाती लागू नये म्हणून घेऊन पळालो. मला म्हणाले, भोकं बुजवा. टाचणीएवढ्या छिद्रातून बघणारा कॅमेरा आत बसवा. कुणाकुणाच्या घरात शिरायचं, तेही ठरवून बसले होते. मी साफ नाही म्हणालो.”

“मग?”

“मग माझ्यावाचून केलं. दुसरं कापड तयार झालंय. असा माणूस कसा ओळखायचा, हे शोधून काढतील अशी दोनच माणसं आहेत. एक मी, एक तू. लेकीला उचल आणि चल माझ्याबरोबर.”

तिच्या अंगातली भीती सरसर उतरली. जिवाला घोर लावणारा माणूस तिला वाचवायला आला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. डोळे पुसत ती लगबगीनं आतल्या खोलीत गेली.

लेक कुशीवर गाढ झोपली होती. तिच्या पाठीवरचं पांघरूण हलकेच दबत होतं, वर येत होतं, पुन्हा दबत होतं. थोपटल्यासारखं.

तिनं पलंगाच्या वर पाहिलं. नुसती भिंत. भिंतीवर लेकीनं खडूनं काढलेली घरं, झाडं. दुसरं काही नाही.

“उठवू नका,” पलंगाच्या कडेवरून मऊ, अनोळखी आवाज आला. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”