दहा लिंबं

“चीर बिनधास्त. सगळ्यांना दिसू दे,” म्हणत सरांनी माझ्या हातात सुरी दिली. मला सातवा महिना होता. वर सूर्याला ग्रहण लागलेलं, समोर शाळेचं मैदान माणसांनी भरलेलं. गर्भारशीनं ग्रहणात काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत मोडायला सरांनी मला उभं केलं होतं. त्यासाठी मी सासूबाईंशी भांडून आले होते. दहा लिंबं चिरली. टाळ्या पडल्या. मग तीच लिंबं पिळून सगळे पोहे खाऊ लागले.

ताटल्या कमी पडल्या, म्हणून मी मैदानाला लागूनच असलेल्या सरांच्या घरी गेले. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. अंधारात सरांची मुलगी स्वरदा पलंगावर बसली होती, हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता. तिला आठवा महिना होता. ती ग्रहण पाळत होती.

“बाबांनी सांगितलंय, सुटेपर्यंत उठायचं नाही,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात मागून सर आले आणि मला बघून दारातच थबकले.

“अगं, काही होत नसतं, मला ठाऊक आहे. पण पोटची पोर आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?”

“आणि मी कुणाची पोर, सर?”

सर वळून स्वयंपाकघरात ताटल्या काढायला गेले. माझ्या बोटांना अजून लिंबाचा वास येत होता. सकाळपासून मला एकदाही भीती वाटली नव्हती. आता मात्र माझा हात आपसूक पोटावर गेला.