चौदा किलो

सोसायटीच्या 'वजन घटवा' स्पर्धेत बाबांनी चार महिन्यांत चौदा किलो घटवले आणि पहिले आले. त्यांचा कोच मी. त्यामुळे हार त्यांच्या गळ्यात पडला, पण फोटोत मीच पुढे होतो.

"टिळेकर काका, गुपित सांगा," सेक्रेटरींनी त्यांच्या हातात माइक दिला.

"गुपित कसलं? जेवलं की अर्ध्या तासात पोटात पिळवटून येतं. जेवणाचीच धास्ती बसलीये."

टाळ्या पडल्या. "अर्धा तास जेवण सुरू केल्यापासून की संपल्यापासून?" पहिल्या रांगेतल्या काकूंनी वही उघडून विचारलं.

प्रमुख पाहुण्या डॉक्टर होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. सिगारेट किती वर्षं ओढलीत आणि पोटाची सोनोग्राफी केली असेल तर तीत काय निघालं, एवढंच विचारलं. चाळीस वर्षं, आणि काहीच नाही. "पोट पाहून झालंय. आता पोटाकडे जाणारं रक्त बघू," म्हणत त्यांनी बाबांना थेट सीटी अँजिओग्राफीला नेलं.

आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या तीन रक्तवाहिन्या पडद्यावर दिसल्या. दोन बंद होत्या, तिसरीत दोऱ्याएवढी वाट उरली होती. "हीपण बंद झाली असती तर आतडी सडली असती. उद्या सकाळीच स्टेंट घालू."

मी बाबांकडे वळलो. "बाबा, एवढं दुखत होतं तर मला सांगायचं ना."

"रोज सांगत होतो," बाबा म्हणाले. "तू म्हणायचास, दुखतंय म्हणजे फरक पडतोय."