डावं टायर

सामान भरून झालं, आई गॅरेजच्या स्टुलावर डबा मांडीत घेऊन बसलेली, कणकवलीपर्यंत दहा तास बाबाच चालवणार, आणि जीप अजून साकीनाक्यालाच, त्यामुळे नितेशचा जीव नुसता खालीवर.

"डावीकडेच ओढते रे, आणि टायर पण डावंच खाते," बाबांचं एकच चाललेलं. मेकॅनिक दशरथने त्या जुन्या फोर बाय फोरची पुढची टायरं आलटून पालटून लावली, अलाइनमेंट तपासलं, मरोळपर्यंत चक्कर मारून आला.

"काका, हात सोडून चालवली. नाकासमोर जाते."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" बाबा तडकले आणि तरातरा जाऊन स्टिअरिंगवर बसले.

दशरथ नितेशच्या कानाशी आला. "टायर रस्त्याने नाही झिजलं रे. बाहेरून सोललंय, फुटपाथला घासून घासून."

मग तो बाबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि चावी त्यांच्या डाव्या गालापासून वीतभर लांब धरली. नितेश खिडकीतून बघत होता.

बाबा समोर बघत स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. "दशरथ, चावी कुठे ठेवलीस रे? दे ना आता. किती उशीर करशील?"