दिघीचं घमेलं

"अहो, पाय तरी धुऊन जा," गिरजाबाई म्हणाल्या.

"मीच धुऊन गेलो तर पास्टर काय धुतील?" दौलतराव हसले. फाउंड्रीतल्या शिफ्टचा घाम आणि काळी भुकटी बुटात तशीच ठेवून त्यांनी माळ्यावरचं इनॅमलचं घमेलं काखोटीला मारलं आणि चर्चच्या नव्या हॉलची वाट धरली.

उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती आजची संध्याकाळ. दिघीच्या खोलीत सतरंजीवर मंडळी भरायची, तेव्हा पास्टर विजयानंद दरवर्षी याच घमेल्यात कामगारांचे पाय धुवायचे. एकदा दौलतरावांचे पाय धुताना घमेलं हातून निसटलं आणि तळाचा टवका उडाला. "तुमची पापं जड आहेत, राव," पास्टर म्हणाले होते, आणि दोघंही पोट धरून हसले होते. हॉल झाला, ती रीतच गेली आणि घमेलं दौलतरावांच्या माळ्यावर गेलं. पण काल खुद्द पास्टरांचा फोन आला. "दौलतराव, पुन्हा साधेपणाकडे वळू या. आपलं घमेलं घेऊन या."

तेव्हापासून दौलतरावांचे पाय जमिनीवर नव्हते.

हॉलमध्ये मंचावर बारा खुर्च्या होत्या. बाराही भरलेल्या. उघडे पाय घासूनपुसून आणलेले. कॅमेरा सांभाळणाऱ्या दीक्षानं घमेलं त्यांच्या हातातून घेतलं. "काका, तुम्ही खाली बसा ना."

"अन् माझा नंबर?"

"बारा जण आधीच ठरलेत, काका."

त्यांनी पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनीही पाहिलं, आणि ते कमरेला टॉवेल बांधायला लागले. बोलावणं घमेल्याला होतं, दौलतरावांना नव्हतंच.

एकेकाच्या पायावर ओंजळभर पाणी पडलं. मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. "दिघीतलं हेच ते घमेलं!" पास्टर कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले. लोकांनी डोळे पुसले.

कार्यक्रम आटोपल्यावर पास्टर दौलतरावांजवळ आले. "मनावर घेऊ नका, राव. पडद्यावर काळं पाणी बरं नसतं दिसलं."

दौलतरावांनी घमेल्यात पाहिलं. बारा जणांचे पाय धुऊन झाले होते, तरी पाणी नितळच होतं, तळाचा टवका लख्ख दिसत होता.

पाणी न सांडता घमेलं उचलून त्यांनी बाहेर पायरीवर आणलं. बूट काढले, मोजे काढले, पाय आत सोडले. मग वाकून स्वतःच चोळू लागले, टवका दिसेनासा होईपर्यंत.