रविवारचा प्लग

प्लग काळा निघाला. नुसता काळा नाही, ओलसर काळा. दीक्षाने तो फडक्यात धरून उन्हाकडे केला.

तिचा नवरा विनोद सांगत होता, कंपनीत रविवारचा ओव्हरटाइम लागलाय. शिरूर ते शिक्रापूर, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. हायवेवर तापून आलेल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो, हे मिस्तरीच्या पोरीला कुणी सांगायला नको. रोज संध्याकाळी ती प्लग काढून पुसून ठेवी; आठवडाभर तो तसाच निघायचा. रविवारी संध्याकाळी मात्र काजळी. म्हणजे त्याची राजदूत फटफटी हायवेला गेलीच नव्हती. जवळच कुठेतरी, कुणाच्या तरी दारात, उभ्या उभ्या भुरभुरत राहिली होती.

कुणाच्या दारात?

हा चौथा रविवार. शिवाय माणूस घरून जाई त्याहून स्वच्छ होऊन परत येई. नखं घासलेली, हाताला वासाचा साबण. कंपनीतल्या पॅकिंगच्या मोनालीचं नाव त्याच्या तोंडून दोनदा आलं होतं. दोनदा म्हणजे काही फार नाही, पण जळायला तेवढं पुष्कळ झालं. दीक्षाने मनातल्या मनात मोनालीला चांगली साडी नेसवली, गजरा माळला, विनोदसाठी चहा ठेवायला लावला आणि आठवडाभर स्वतःच धुमसत राहिली. विचारून उपयोग नव्हता. विनोद गोड हसून वेळ मारून नेण्यात पटाईत होता.

पाचव्या रविवारी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने पाना लावून प्लग काढला. टोकाची वाकडी पत्ती हळूच ठोकून दाबली आणि केसभर फट ठेवली. एवढ्या फटीत ठिणगी पडते, गाडी चालूही होते. पण मैल-दीड मैलात ऑइलची काजळी त्या फटीत अडकते आणि ठिणगी मरते. गाडी मेली की पुढे ढकलत जावं लागणार, आणि ढकलत जाणारा माणूस चालत्या बाईच्या पुढे किती जाणार?

"येतो गं," विनोद म्हणाला. "उशीर व्हईल."

"व्हऊ द्या की. सावकाश या."

कोपऱ्यावर गाडीचा आवाज हायवेकडे न वळता न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला. दीक्षाने दाराला कडी घातली, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. त्याच रस्त्याला तिच्या बापाचं, भिमा मिस्तरीचं गॅरेज होतं. सासऱ्याच्या दारावरून हा तिकडे जातो! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मैलभर गेल्यावर शेजारची सरूबाई शेळ्या हाकत समोरून आली. "तुजा नवरा गाडी ढकलत गेला की पुढं! घामाघूम झालता बिचारा."

"व्हऊ दे," दीक्षा म्हणाली आणि पाय उचलला.

राजदूत भिमा मिस्तरीच्या पत्र्याच्या शेडसमोर स्टँडवर उभी होती. दुरुस्तीला थांबला असेल. बरंच झालं, बापासमोरच विचारू, असं म्हणत ती आत शिरली आणि थबकली.

विनोद स्टुलावर बसला होता. अंगात तिने कधी न पाहिलेला तेलकट शर्ट. पुढ्यात भलत्याच कुठल्या गाडीचं इंजिन उघडं पडलेलं. पाठीमागे तिचा बाप वाकून उभा.

"पॉइंटात सिगारेटचा कागद धरा, जावई. आता चाक हळू फिरवा. कागद जिथं सैल पडंल, तिथंच टायमिंग."

कोपऱ्यातल्या बादलीपाशी वासाच्या साबणाची वडी होती. मोनाली कुठेच नव्हती. दीक्षाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. बाई असती तर परवडलं असतं, असं वाटलं.

आठव्या वर्षापासून ती या शेडचा केर काढत आली होती. पान्याला हात लावला की बाप काढून घ्यायचा. 'पोरीच्या जातीनं हात काळं करायचं न्हाईत.' जे काही तिला येत होतं ते केर काढता काढता चोरून पाहिलेलं. त्या स्टुलावर तिला कुणी कधी बसवलं नव्हतं. आणि हा परका माणूस पाच रविवारांत तिथे मांडी ठोकून बसला होता.

विनोदने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला.

"मला शिकायचं व्हतं गं. मामाच म्हनले, दीक्षाला सांगू नका. तिचा जीव जळंल."

म्हणजे बापाला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. हे ऐकून तिचे डोळे भरून आले आणि रागही आला.

राजदूतचा काढलेला प्लग भिमाच्या हातात होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यापाशी नेला.

"ही फट आपोआप न्हाई दबली," तो म्हणाला. "मैलभर चालावी आन् मरावी, अशी मोजून ठिवलीय. ती बी नुसत्या नजरंनं." मग त्याने लेकीकडे पाहिलं. "जावई, उठा. तिला बसू द्या."

विनोद हात पुसत उठला. दीक्षा बसली. बापाने उघडं इंजिन तिच्या पुढ्यात सरकवलं आणि स्वतः बाजूला झाला. विनोद खांबाला टेकून पाहू लागला. मग त्याला राहवलं नाही.

"मामा, मला इंजिनाला हात लावाय पाच रविवार लागले. आन् हिला आल्या आल्या?"

"तिला वीस वरसं लागली, जावई," भिमा म्हणाला.