छपरावरचं गवत

जाग आली तेव्हा किटबोकला वाटलं, आपले कानच गेले. पत्र्यावर पाऊस वाजत नव्हता. ऐन जुलैत, चेरापुंजीच्या डोंगरात! बायको वारली तेव्हा सासूशी ठरलं होतं, पाऊस थांबला की खासी रीतीप्रमाणे त्याने आपल्या आईकडे परतायचं. दोघांच्याही मनात थंडीचे दिवस होते. आता काय करायचं? बावचळून त्याने गाठोडं बांधलं. सासू दारातून निळ्या आभाळाकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. “मेई,” त्याने आईला मारावी तशी हाक मारली, “थांबला वाटतं.” “मला काय विचारतोस?” ती खेकसली. मग छपराकडे बोट दाखवून म्हणाली, “आवाज दबावा म्हणून घातलेलं गवत पार कुजलंय. पत्रा झोपू देईल का आपल्याला?” “पाऊस तर गेला!” “गेला कुठला? दम खातोय मेला. चढ वर.” ढगाचा ठिपकाही नव्हता. किटबोकने गाठोडं आत ठेवलं आणि शिडी लावली.