सतरा चेहरे

निवृत्तीनंतर दिगंबररावांनी घरातले जुने फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर वर्षवार लावायला घेतले. सुट्टीला आलेली त्यांची मुलगी शाल्मली शेजारी बसून मदत करत होती. तिचा सगळ्यात जुना फोटो चौथ्या वर्षीचा होता, संस्थेतून दत्तक घेऊन तिला घरी आणलं त्या दिवशीचा.

"बाबा, माझं त्याआधीच्या वर्षांचं फोल्डर रिकामंच आहे. काढून टाकू?" तिने अगदी सहज विचारलं, पण त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"थांब. मी संस्थेला पत्र लिहिलं होतं. काल त्यांनी हा एक फोटो पाठवलाय."

फोटोत पायऱ्यांवर सतरा मुलं बसली होती. सगळ्यांचे केस अगदी बारीक कापलेले. "यातली तू कोणती, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही," बाबा म्हणाले.

शाल्मलीने एकेक चेहरा मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. तिलाही स्वतःला ओळखता येईना. "राहू दे, बाबा."

तेवढ्यात पोळ्या अर्धवट टाकून आई बाहेर आली. स्क्रीनकडे वाकली आणि दुसऱ्या ओळीतल्या एका चेहऱ्यावर तिने पिठाचं बोट टेकवलं.

"ही काय! रडू आवरायचं असलं की अजून अश्शीच ओठ दाताखाली धरते."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"अहो, बघा की तिच्याकडे."

त्यांनी वळून पाहिलं. शाल्मलीने खालचा ओठ दाताखाली घट्ट धरला होता.